पाळी जाण्याचं वय, नैराश्य आणि निवडणुकीची ड्यूटी

गेल्या काही महिन्यांत ओळखीतल्या बायकांनी मला बाजूला घेऊन हळूच एकच विचारलंय : ‘कुठल्या डॉक्टरकडे जात होतीस गं? खर्च किती आला? ऑफिसात काय सांगितलंस?’ प्रत्येकीला अर्धवट सांगत बसण्यापेक्षा एकदा तारीखवार लिहून काढावं, म्हणून हे. मी साताऱ्यात राहते, एका निमसरकारी कार्यालयात लेखा शाखेत आहे. हे सुरू झालं तेव्हा ४७ वर्षांची होते. औषधांची नावं लिहिली आहेत ती मला काय दिलं हे सांगायला. तुमचं औषध तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं.

२०२३च्या ऑक्टोबरात पाळी बिघडली. एकदा तीन आठवड्यांतच आली, मग दोन महिने पत्ता नाही, आणि आली ती अशी की ऑफिसात खुर्चीवरून उठायची धास्ती. त्याच सुमाराला पहाटे तीनला जाग यायला लागली. मानेखालची उशी ओली, छातीत धडधड, आणि डोक्यात कालच्या बिलापासून मुलाच्या नोकरीपर्यंत सगळं एकदम चालू. साडेपाचला जरा डोळा लागायचा तोवर उठायची वेळ.

नैराश्य म्हणजे कोपऱ्यात बसून रडणारी बाई, असं चित्र माझ्या डोक्यात होतं. मी रडत नव्हते, चिडत होते. कुकरची शिटी, शेजारच्यांचा टीव्ही, ‘आज भाजी काय?’ हा प्रश्न, सगळ्यावर. दिवाळीत फराळ विकत आणला. तो काय हल्ली सगळेच आणतात, पण त्याचं मला बरंही वाटलं नाही आणि वाईटही. मुलगा पुण्याहून आला, चार दिवस राहून गेला, आणि गाडी सुटल्यावर मी घरी येऊन आडवी झाले ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. यांनी विचारलं, ‘काय होतंय नक्की?’ सांगता येईना. दुखत कुठेच नव्हतं.

जानेवारी २०२४मध्ये एका स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेले. फी पाचशे, थांबणं दोन तास, आत जेमतेम पाच मिनिटं. ‘वय झालं, पाळी जायची वेळ आहे, होतंच. कॅल्शियम घ्या, योगा करा, मन रमवा.’ मला वाईट याचं वाटलं की ऐकून मला हायसं वाटलं. होतंच म्हटल्यावर पुढे काही करायला नको.

मन रमवायचे सल्ले तर फुकट मिळतात. भिशीच्या ग्रुपमध्ये एकीने जवसाची चटणी सांगितली, दुसरीने गोंदवल्याला जाऊन ये म्हणून सांगितलं. मी गेले. समाधीपाशी तासभर शांत बसले, प्रसाद घेतला, खरंच बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी पहाटे तीनला पुन्हा जागी. फेब्रुवारीत ऑफिसच्या जिन्यात छाती इतकी धडधडली की रेलिंग धरून उभी राहिले. शिपायाने खुर्ची आणली. फॅमिली डॉक्टरांनी ईसीजी काढला, नॉर्मल. ‘टेन्शन घेऊ नका.’ लेखा शाखेत काम करणाऱ्या बाईला फेब्रुवारीत हे सांगणं म्हणजे कमालच.

मार्च एंड मी कसा काढला ते मला नीट आठवत नाही. एकच बिल तीनदा वाचायचं, तरी बेरीज डोक्यात टिकायची नाही. वीस वर्षं आकड्यांत घालवलेली मी कॅल्क्युलेटरवर बेरीज करून पुन्हा कॅल्क्युलेटरवरच तपासायला लागले. रात्री झोपताना ‘उद्या जागच आली नाही तर बरं’ असं वाटायचं. हे वाक्य मी तेव्हा कुणाला बोलले नाही. आज लिहिते आहे, कारण हे वाटत असेल तर थांबायचं नाही, एवढं तरी वाचणारीला कळावं. १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी नंबर आहे. २०२२च्या ऑक्टोबरपासून चालू आहे, फुकट आहे, रात्री-अपरात्री लागतो, मराठीत बोलता येतं. मी तो एकदा पहाटे लावला होता. पलीकडच्या मुलीने उपदेश केला नाही. घरात आत्ता कोण आहे, त्यांना उठवता येईल का, हे विचारलं आणि उद्या डॉक्टरकडे जाल का, हे विचारलं. मी यांना उठवलं.

पाडव्याच्या आधी, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, हेच मला दुसऱ्या डॉक्टरबाईंकडे घेऊन गेले. त्यांनी आधी अर्धा तास प्रश्न विचारले. शेवटच्या पाळ्यांच्या तारखा, रक्तस्राव किती, झोप, भूक, आणि एक प्रश्न मला अजिबात अपेक्षित नव्हता : ‘बाळंतपणानंतर असं काही झालं होतं का?’ झालं होतं. २००३मध्ये मुलाच्या वेळी चार-पाच महिने मी अशीच होते, आणि माहेरी सगळे म्हणाले होते बाळंतीण हळवी असते. बाई म्हणाल्या की ज्यांना बाळंतपणानंतर किंवा पाळीच्या आधी मनाचा त्रास होतो, त्यांना या काळात नैराश्य यायचा धोका जास्त असतो. आणि हा धोका पाळी पूर्ण थांबल्यानंतरच्या वर्षांपेक्षा थांबण्याच्या आधीच्या वर्षांत जास्त. इस्ट्रोजेन हे बाईच्या शरीरातलं हार्मोन सरळ उतरत जात नाही, वरखाली हेलकावे खातं, आणि काहींचा मेंदू त्या हेलकाव्यांना फार जाणवून घेतो. भारतात पाळी थांबायचं सरासरी वय ४६-४७ आहे, म्हणजे ही वरखाली चाळिशीतच सुरू होते. मी मात्र पन्नाशीची वाट बघत होते.

लॅबवाल्याने मला दारातच ‘हार्मोन पॅकेज’ सुचवलं होतं. बाईंनी ते खोडून टाकलं. ४५च्या पुढे पाळी अनियमित असेल तर एका दिवसाच्या एफएसएच या हार्मोनच्या तपासणीवरून काही ठरवता येत नाही, या महिन्यात एक आकडा, पुढच्या महिन्यात दुसराच. त्याऐवजी हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, डी जीवनसत्त्व, साखर. सगळ्याचे मिळून दोन हजार सातशे, त्यात सर्वांत महाग डी. सोनोग्राफीचे बाराशे वेगळे. हिमोग्लोबिन ९.२ आलं, बी-१२ कमी, थायरॉइड काठावर, गर्भाशयात एक छोटी फायब्रॉइडची गाठ. लोह सुरू झालं, बी-१२ची इंजेक्शनं झाली. मला वाटलं, चला, सापडलं कारण. बाई म्हणाल्या, ‘थकवा यातला बराचसा असेल. पण उद्या जाग आली नाही तर बरं, हे हिमोग्लोबिनने होत नाही. तुम्हाला मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवते, आणि हे उद्यावर टाकायचं नाही.’ चिठ्ठी लिहून दिली, माझ्यासमोर फोनही केला. तो फोन झाला नसता तर मी गेले असते की नाही, शंका आहे.

पुण्याला जाऊ, इथे कुणी बघेल, असं माझं म्हणणं होतं. हे म्हणाले, ‘दर पंधरा दिवसांनी पुण्याला कोण जाणार?’ मुद्दा बरोबर होता. शनिवार, १३ एप्रिल. साताऱ्यातच, पहिल्या भेटीचे हजार रुपये, नंतर सहाशे. प्रतीक्षाखोलीत आमच्याच कॉलनीतल्या एक काकू बसल्या होत्या. दोघींनी एकमेकींना पाहिलं आणि दोघींनीही मोबाइल काढले.

आत एक नऊ प्रश्नांचा कागद दिला. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस असं वाटलं : एकदाही नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त, जवळपास रोज. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. माझे १७ आले. नववा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दल असतो. मी ‘काही दिवस’वर खूण केली आणि डॉक्टरांनी तिथेच पेन ठेवून सविस्तर विचारलं. सगळं खरं सांगितलं. एक उपयोगाची गोष्ट : जाताना पाळीच्या तारखा, चालू गोळ्या आणि आधीचे रिपोर्ट एका फाइलमध्ये न्या. मला त्या अवस्थेत तोंडी काही आठवलं नसतं.

गोळी दिली एस्सिटालोप्राम, आठवडाभर पाच मिलिग्रॅम, मग दहा, सकाळी नाश्त्यानंतर. झोपेची वेगळी गोळी, पण थोड्याच दिवसांपुरती, सवय लागते म्हणून. या गोळीने अंगातून एकदम येणाऱ्या गरम वाफाही काही जणींच्या कमी होतात, असंही सांगितलं. गुण यायला दोन ते चार आठवडे, पूर्ण यायला त्याहून जास्त, आणि सुरुवातीला उलट जास्त अस्वस्थ वाटू शकतं. हे आधी सांगितलं नसतं तर मी चौथ्या दिवशीच गोळी कचऱ्यात टाकली असती. मळमळ, तोंडाला कोरड, सारख्या जांभया, हातापायांत नुसती चुळबुळ. आठवड्याने ते ओसरलं. आणखी एक : या गोळीबरोबर पोटदुखीसाठी मेफेनॅमिकसारख्या वेदनाशामक गोळ्या घेतल्या तर रक्तस्राव वाढू शकतो. पाळीत आपण त्या न विचारता घेतो. माझी पाळी आधीच जोरात, म्हणून दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या चिठ्ठ्या दाखवा.

डॉक्टरांनी महिनाभर रजा घ्यायला सांगितलं, आणि इथे निवडणूक आडवी आली. १६ मार्चला आचारसंहिता लागली होती, साताऱ्याचं मतदान ७ मे, आणि माझ्या नावाने मतदान केंद्रावरच्या ड्यूटीचा आदेश निघालेला. ती रद्द करायला खासगी डॉक्टरांचं पत्र पुरणार नाही, जिल्हा रुग्णालयातून तपासून प्रमाणपत्र आणा, असं उत्तर मिळालं. म्हणून सिव्हिलला गेले. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत २०२३च्या १५ ऑगस्टपासून उपचार मोफत आहेत, त्यामुळे केसपेपरलाही पैसे नाहीत. वेळ मात्र हातात ठेवून जा, माझी सकाळ गेली. मानसोपचाराच्या ओपीडीसमोर बाकावर बसले तर माझ्या दोन्ही बाजूंना माझ्याच वयाच्या बायका. एक कोरेगावकडची, नवऱ्याला घेऊन आलेली, म्हणाली, ‘तुमचं पण पाळीचंच का?’ खणखणीत आवाजात, सगळ्यांसमोर. मला आधी लाज वाटली, मग हसू आलं. ती तिथूनच गोळ्या नेत होती, फुकट. मी शहरातली, नोकरीवाली, हजार रुपये मोजून जे घेत होते तेच ती लाल डब्याच्या एसटीने येऊन घेत होती.

तिथल्या डॉक्टरांनी कागद बघितले, मला स्वतंत्र विचारलं, प्रमाणपत्र दिलं. ड्यूटी रद्द झाली. मतदानाला मात्र मी गेले.

रजेचं सांगते, कारण याबद्दल सर्वांत जास्त विचारलं जातं. माझ्या अर्धवेतनी रजा साठलेल्या होत्या. वैद्यकीय प्रमाणपत्रावर त्या परिवर्तित करून पूर्ण पगारी घेता येतात, मात्र खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात. तीस दिवसांना साठ. डॉक्टरांना मी विनवलं की ‘व्हायरल’ लिहा. त्यांनी नकार दिला, आणि आता वाटतं बरं केलं, कारण व्हायरलला तीस दिवस कुणी दिले नसते आणि सिव्हिलचं प्रमाणपत्र वेगळंच बोललं असतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे उपचारांची माहिती गोपनीय ठेवण्याचा आपला हक्क आहे, हेही त्यांनीच सांगितलं. मी प्रमाणपत्र बंद पाकिटात घालून थेट साहेबांच्या हातात दिलं, आवक शाखेतून फक्त अर्ज गेला. सेवापुस्तकातल्या रजेच्या हिशेबात दिवस आणि रजेचा प्रकार एवढंच आलं. हजर होताना कामाला फिट असल्याचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं, ते आदल्या दिवशीच घेऊन ठेवा, नाहीतर सकाळी दवाखाना उघडायची वाट बघत बसाल. पाकिटाचा उपयोग किती झाला, ते सांगायला नको. ‘बरी युक्ती काढलीत मॅडम, ड्यूटी चुकवायची,’ असं एकाने पाण्याच्या कूलरपाशी म्हटलंच. उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

रजेचे पहिले दहा-बारा दिवस मी झोपले. सासूबाईंना आम्ही ‘अशक्तपणा’ सांगितला होता. एका दुपारी त्या माझ्या उशाशी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, ‘मला काय कळत न्हाई व्हय? माझी पाळी गेली तवा मी आठ महिनं माहेरी जाऊन बसले हुते. अंगारा लावला, नारळ फोडलं, कोण म्हणलं बाहेरचं हाय. तुझा नवरा तवा नववीत. त्याला इचार, त्यो चुलत्याकडं जेवायचा.’ यांना विचारलं. यांना चुलत्याकडे जेवलेलं लख्ख आठवत होतं, का ते कधीच कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवसानंतर गोळी द्यायचं काम सासूबाईंनी आपल्याकडे घेतलं. सकाळी आठला, चहाबरोबर नव्हे, पोहे खाल्ल्यावर. रोज.

बरं वाटायला लागलंय हे मला स्वतःला कळलंच नाही. मेच्या पहिल्या आठवड्यात यांच्याबरोबर मंडईत गेले होते आणि गवारीवरून भाजीवालीशी घासाघीस करत उभी राहिले. हे पिशवी धरून माझ्याकडे बघत होते. घरी आल्यावर म्हणाले, ‘आज भांडलीस.’ सहा महिने मी भाजीवाली सांगेल तो भाव देऊन येत होते.

१५ मेला हजर झाले. त्याच महिन्यात समुपदेशन सुरू केलं, एका तासाचे आठशे, आधी दर आठवड्याला, मग महिन्याने. गोळ्या मनोविकारतज्ज्ञ देतात, समुपदेशक देत नाहीत, हा फरक मला तोवर ठाऊक नव्हता. माझी समजूत होती की तिथे जाऊन मन मोकळं करायचं असतं. प्रत्यक्षात गृहपाठ होता. पहाटे जाग आली तर अंथरुणात लोळायचं नाही, उठून दुसऱ्या खोलीत बसायचं, झोप आली तरच परत यायचं. वाफ आली की ‘सगळे बघतायत’ हा जो विचार येतो तो वहीत लिहायचा आणि खरंच कोण बघत होतं तेही लिहायचं. बहुतेक वेळा कुणीच नाही. आठवड्यातून तीनदा साताऱ्यातल्या ‘चार भिंती’ या टेकडीवरच्या ठिकाणापर्यंत चालत जायचं, इच्छा असो-नसो. इच्छा क्वचितच असायची. वही अजून आहे, तिच्यात पहिल्या महिन्यात फक्त ‘गेले’, ‘गेले नाही’ एवढंच लिहिलंय.

हार्मोन घ्यावेत का, हा प्रश्न जुलैत निघाला, कारण मन सुधारलं तरी वाफा पुरत्या गेल्या नव्हत्या. डॉक्टरबाईंनी नीट समजावलं. २००२मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासानंतर जगभर बायकांनी भीतीने हार्मोन सोडले. त्या अभ्यासातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. साठीच्या आत, किंवा पाळी थांबल्यापासून दहा वर्षांच्या आत सुरू केलं तर बहुतेकींच्या बाबतीत फायद्याचं पारडं जड असतं, असं आता मानतात. गर्भाशय असेल तर इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉन घ्यावंच लागतं. वाफा आणि झोप यांना उत्तम, पण तीव्र नैराश्यावर एकटं पुरेल असं समजू नका. माझ्या थोरल्या बहिणीला स्तनाचा कर्करोग झालेला आहे. मॅमोग्राफी केली, ठीक आली, तरी डॉक्टरबाईंनी आणि मी मिळून थांबायचं ठरवलं. दुसऱ्या कुणीसाठी निर्णय वेगळा येईल. बहिणीचं निघालंच आहे तर : ती कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन ही गोळी घेते. नैराश्यावरच्या काही गोळ्या, विशेषतः पॅरॉक्सेटिन, टॅमॉक्सिफेनचा परिणाम कमी करतात. तिने फोनवर ‘तुझी गोळी मला चालेल का?’ विचारलं तेव्हा माझ्या डॉक्टरांनी हे सांगितलं आणि तिला तिच्या कर्करोगतज्ज्ञांकडे पाठवलं. गोळ्या मैत्रिणींत वाटायच्या नाहीत.

ज्याबद्दल कुणी विचारत नाही तेही लिहिते. या गोळीने नवराबायकोच्या जवळिकीची इच्छा कमी होऊ शकते. मला वाटलं वयाने. डॉक्टरांनी आपणहून विचारलं म्हणून कळलं. यांच्याशी बोलणं अवघड गेलं, पण ‘तू माझ्यावर नाराज आहेस असं वाटत होतं’ हे त्यांच्या तोंडून ऐकल्यावर आधीच बोलायला हवं होतं असं दोघांनाही वाटलं.

पैशांचं : गोळ्यांची दहाची पट्टी मी आधी नव्वदच्या आसपास घेत होते, तेही घरापासून लांबच्या दुकानातून. जनऔषधी केंद्रात तेच औषध निम्म्याहून कमी दराने मिळालं, तेव्हापासून लपूनछपून लांब जायचंही सुटलं. विम्यातून यातलं काहीच मिळालं नाही. २०१७च्या कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारांच्या बरोबरीने धरावे लागतात, पण माझ्या पॉलिसीत ओपीडीचा, म्हणजे दाखल न होता घेतलेल्या उपचारांचा, खर्चच नव्हता, मग आजार कुठलाही असो. एजंटने ‘पुढे कुठे लिहू नका हे’ असा सल्ला दिला. मी लिहिते. लपवलेल्या आजारावरून पुढे मोठा क्लेम अडला तर तो एजंट येणार आहे का?

ऑक्टोबर २०२४पर्यंत त्या कागदावरचे गुण चारवर आले होते. गोळी बंद करू का, असं मी लगेच विचारलं. पूर्ण बरं वाटल्यापासून निदान सहा-नऊ महिने घ्यायची, आणि बंद करायची ती उतरवत, असं ठरलं. अचानक सोडल्यावर काय होतं त्याचा नमुना मी लग्नाला कोल्हापूरला गेले तेव्हा मिळाला. गोळ्या घरी राहिल्या, तिसऱ्या दिवशी मान वळवली की डोक्यात विजेचा बारीक झटका बसल्यासारखं व्हायचं. आता पर्समध्ये एक पट्टी कायम असते. जून २०२५मध्ये दहाची पाच झाली. एक आठवडा जरा हुरहुर वाटली, मग ठीक.

पाळी नोव्हेंबर २०२४नंतर आलीच नव्हती. सलग बारा महिने आली नाही की पाळी गेली असं धरतात. त्यानंतर थेंबभर जरी रक्त दिसलं तरी डॉक्टरांना दाखवायलाच हवं. मी कॅलेंडरवर महिने खोडत होते. दहावा संपत आला आणि २०२५मध्ये नेमकी गौरी जेवणाच्या दिवशी, १ सप्टेंबरला, सकाळी पुरणाचं पातेलं उतरवताना पाळी आली. मी सासूबाईंच्या कानात सांगितलं, आता काय करायचं? त्या म्हणाल्या, ‘गवर काय बाई न्हाई व्हय? वाढ पान.’

पुढच्या आठवड्यात फाइल घेऊन गेले. सोनोग्राफी झाली, गर्भाशयाचं अस्तर ठीक, गाठ होती तेवढीच. पाच मिलिग्रॅम अजून चालू ठेवायची, दिवाळीनंतर बघू, असं दोघा डॉक्टरांचं मत पडलं. आणि बारा महिन्यांची मोजणी पुन्हा एकपासून.